घोडीला आवतन

आमच्या गावात घोडीशी कसं बोलायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बैलाशी बोलता येत नाही असा माणूस मात्र शोधून सापडला नसता. त्यामुळे मामाची घोडी आमच्या अंगणात उतरली तेव्हा जो तो येऊन तिच्याशी बैलाच्याच भाषेत बोलून गेला. एकाने जिभेने च्यक च्यक केलं, एकजण सवयीने शेपटी पिरगाळायला मागे गेला आणि लगेच लांब झाला. शेजारच्या म्हाताऱ्याने तिच्या नाकपुड्या निरखून गंभीरपणे विचारलं, "हिले येसन कुठून घालाची?"

माझा मामा लाखनीला बँडपार्टी चालवायचा. घोडी त्या बँडचीच, वरातीची. पण अलीकडे नवरदेव उघड्या गाडीतून येतात, बुलेटवरून येतात, एक तर जेसीबीच्या तोंडात बसून आला. मामाने कंटाळून बँड बंद केला आणि नागपूरला मुलाच्या फ्लॅटवर राहायला निघाला. फ्लॅट वरच्या मजल्यावर होता. लिफ्ट होती, पण घोडीच्या मापाची नव्हती.

"तुमचा गोठा रिकामाच हाये ना, भाटवे?" मामा बाबांना म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवे म्हणतात.

आई हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली. मी मामाला डोळ्यांनी खुणावलं, पण मामाचं आयुष्य ढोल-ताशात गेलेलं, त्याला खुणा कळत नाहीत. रिकाम्या गोठ्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नसे.

त्याचं कारण सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. वेडेपणाचं ते आहेच, पण त्याला कारण होतं. घरी ट्रॅक्टर आल्यावर बाबांनी शेवटची बैलजोडी दुसऱ्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला द्यायचं कबूल केलं. पोळा झाला की घेऊन जा, असं ठरलं होतं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदशेकणी करतात. जुवाने घासलेल्या खांद्यांना पळसाच्या पानाने लोणी आणि हळद चोळायची आणि त्यांच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे जेवणाचं निमंत्रण, आणि ते तोंडदेखलं नसतं. दुसऱ्या दिवशी बैल आधी जेवतात, मग घर जेवतं. बाबांनी त्या सांजेला आवतन दिलं. सकाळी, पुरण चुलीवर असतानाच, त्या शेतकऱ्याची गाडी दारात येऊन उभी राहिली. दिवसाची काहीतरी चूक झाली होती, पण गाडीवाला आलाय, भाड्याची गाडी आहे, परत पाठवायची कशी, असं करता करता बैल चढवले गेले. उपाशी.

त्यानंतर बाबा पोळ्याला गेले नाहीत. सारा गाव आखरावर, म्हणजे गुरं जमायच्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली उभा असायचा आणि बाबा घरात भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. "पोट बरं नाही," म्हणायचे. एखाद्या माणसाचं पोट दरवर्षी बरोबर पोळ्यालाच कसं बिघडतं, हे आम्ही विचारत नसू. माझ्या मात्र तोंडात पुरणपोळी फिरायची. मला फार वाईट वाटायचं आणि त्याचा मला रागही यायचा.

तर मामा बोलून गेला. बाबांनी घोडीला पुढून मागून पाहिलं.

"चार पाय हायेत ना?" ते म्हणाले. "मंग पोळ्यात उभी राहीन."

आईच्या हातून सूप पडलं. इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून पोळा हा शब्द निघाला होता.

आता पोळ्यात कोणी उभं राहायचं हे आमच्याकडे पाटील ठरवतात. तोरण त्यांच्या हातून तुटतं. मी त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी पानाची पिंक टाकून निकाल दिला. "पोळा हा राबलेल्या जनावराचा सन हाये. ते वरातीतलं जनावर. बांधीत काम केलं असन तं घेऊन या, नाही तं नोको."

बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. रोवणा, म्हणजे भातलावणी, तोंडावर होता. घोडीने नर्सरीतले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, एकदा जरी पाठीवरून बांधीपर्यंत नेले तरी काम भागणार होतं. सोपंच होतं. अडचण एवढीच की घोडी पाठीला हात लावू देत नव्हती. हात लागला की अंग थरथरवून बाजूला व्हायची. तिच्या पाठीवर जन्मभर जे काही बसलं, त्याच्यामागोमाग फटाके फुटले होते.

मी जवाहरनगरला कारखान्यात नोकरीला आहे, क्वार्टरमध्ये राहतो आणि दर सुटीला गावी जातो. शिकलेला माणूस असल्यामुळे मी मोबाईलवर पाहिलं. एक टोपीवाला गोरा माणूस घोड्याला न मारता, न ओढता, नुसत्या प्रेमाने आपलंसं करत होता. पद्धत अशी: घोड्याकडे पाहायचं नाही, त्याच्याकडे पाठ करून शांत उभं राहायचं, श्वास हळू घ्यायचा. काही मागायचं नाही. एक वेळ अशी येते की घोडा आपणहून येतो आणि तुमच्या खांद्यावर तोंड ठेवतो. टोपीवाल्याच्या खांद्यावर घोड्याने तोंड ठेवलं तेव्हा मला बसमध्ये गहिवरून आलं. बाजूच्या सीटवरच्या सहकाऱ्याने घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं.

मी सुटी टाकली आणि आमच्या अंगणात घोडीकडे पाठ करून उभा राहिलो.

उभाच राहिलो. लोक येऊन पाहून जायला लागले. "याले का झालं वो?" शेजारीण आईला विचारत होती. "सकारपासून भिंतीकडे पाहून राहिला." आई म्हणाली, "ऑफिसचं काम करून राहिला." तरी मागून येऊन तिने माझ्यावरून मीठमोहरी ओवाळून टाकली. मी हललो नाही. टोपीवाल्याने सांगितलं होतं, हलायचं नाही.

आणि मग, खरंच, मागून सावकाश पावलं आली. उष्ण श्वास मानेला लागला. एक ओलं, जड, भरवशाचं तोंड माझ्या खांद्यावर टेकलं. माझे डोळे भरून आले. मी डोळे मिटूनच हात मागे नेला, कपाळ कुरवाळलं, आणि हाताला शिंग लागलं.

शेजाऱ्यांची म्हैस होती. घोडी गोठ्याच्या दारात उभी राहून आमच्या दोघांकडे पाहत होती. त्या दिवसापासून ती म्हैस मी गावी आलो की दावं तोडून माझ्याकडे येते. पद्धतीत खोट नाही, एवढं मी टोपीवाल्याबद्दल नक्की सांगेन.

"तू तिले काही देतही नाही, मांगतही नाही," बाबा म्हणाले. "मंग ती कायले येईन? ती का रिकामी हाये?"

मी चिडलो. चिडलो की मी चालायला जातो, आणि घोडीलाही चालणं हवंच होतं, म्हणून तिच्या तोंडाला मोरकी घालून मी करडी गावाच्या रस्त्याला लागलो. ती चालायची बरी, पण वरातीच्या चालीने. थोडं चालली की थांबायची, पुढच्यांचं नाचणं उरकेल एवढा वेळ वाट पाहायची, मग पुन्हा चालायची. पुढे कोणी नाचत नव्हतं, पण ते बघणं तिच्या लेखी आमचं काम होतं. मागे एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. त्याला मी काय सांगणार?

वाटेतल्या टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, एका घरापुढे मांडव दिसला. घोडीने कान टवकारले. मी दोरी ओढली, पण मांडव दिसला की कुठे जायचं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती तडक गेली आणि मांडवाच्या तोंडाशी मान ताठ करून उभी राहिली, नवरदेव उतरायची वाट पाहत.

मांडव तेरवीचा होता.

पंगत बसली होती. सगळ्यांचे घास हातात राहिले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी "ही चुकून, ही मामाची, वरातीची" असं काहीबाही बोलत होतो. तेवढ्यात घरातून एक म्हातारी बाहेर आली. तिचाच नवरा गेला होता. तिने घोडीकडे पाहिलं, आत गेली, तांब्या घेऊन आली आणि घोडीच्या खुरांवर पाणी ओतलं. मग पंगतीतलाच एक लाडू तिच्यापुढे धरला.

"दारात आली हाये तं जेवून जाऊ दे," ती म्हणाली. "येच्या वरातीले घोडी कुठची? बैलबंडीत बसून आलते आमी."

घोडीने लाडू खाल्ला. म्हातारीने तिच्या मानेवरून, पाठीवरून हात फिरवला. पाठीवरून! घोडी हललीसुद्धा नाही. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबा ओट्यावर एकदम उठून बसले.

"मी काय म्हणत होतो? तिले आवतन पाहिजे. बिना जेवनाचं कोणी आंगाले हात लावू देते का? तू देशील का?"

त्याच सांजेला त्यांनी पळसाची पानं आणली, आईकडून लोणी मागितलं, हळद घेतली आणि गोठ्यात गेले. पोळा अजून लांब होता. शिवाय घोडीला बैलासारखा खांदा नसतो. बाबांनी बराच वेळ तिच्या अंगावर खांद शोधली. शेवटी जिथे खोगिराने केस झडून चट्टा पडला होता तिथे, लांबून, पानाच्या टोकाने लोणी लावलं आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

घोडी बाजूला झाली. बाबा घरात आले. पण आवतन तर दिलं होतं.

"आता सैपाक कोन करन?" आईने विचारलं.

"देल्लं ना आवतन."

"तुमी देल्लं, अजी. मले इचारलं?"

तरी दुसऱ्या दिवशी आईने भाकर, गूळ, भिजवलेले हरभरे असं सगळं सुपात मांडून घोडीपुढे ठेवलं. बाबा घोडीचं खाणं संपेपर्यंत समोर बसून राहिले. सांजेला पुन्हा लोणी-हळद आणि पुन्हा आवतन. आमच्या घरी रोजच पोळ्याची पूर्वसंध्या आणि रोजच पोळा सुरू झाला. आई रोज बडबडायची, "हे पाव्हनी जाते कधी?" आणि रोज रात्रीचे हरभरे न विसरता भिजत घालायची. लोणी तर घरातल्या माणसांना दिसेनासं झालं. मी एकदा मागितलं तर बाबा म्हणाले, "तुयी पाठ खोगिरानं घासली का?"

मी पुढच्या सुटीला आलो तेव्हा बाबा पान टाकून तळहाताने लोणी चोळत होते आणि घोडीने डोळे अर्धे मिटले होते. त्याच्या पुढच्या सुटीला आलो तर ती सांज व्हायच्या आधीच गोठ्याच्या दाराशी येऊन, पाठ बाबांकडे करून उभी होती. पाठ करून! टोपीवाल्याची पद्धत तिने उलटी लावली होती. मी बाबांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "टोपी कोनाची?" मी विषय सोडून दिला.

रोवण्याच्या दिवशी पाटील छत्री घेऊन स्वतः धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हजर झाले. रोवणाऱ्या बाया बांधीत ओळीने वाकल्या होत्या आणि पऱ्ह्यांची वाट पाहत होत्या. बाबांनी घोडीच्या पाठीवर जुनी वाकळ टाकली, तिच्यावर दोन्हीकडून पऱ्ह्यांच्या पेंढ्या लटकवल्या. घोडीने एकदा मागे वळून पाहिलं, बाबाच आहेत ना याची खात्री केली आणि गप्प उभी राहिली. मला ओरडावंसं वाटलं इतका आनंद झाला.

पण ती उभीच राहिली. पाठीवर वजन आहे म्हणजे वरात आहे, आणि वरात आहे तर बँड कुठे आहे?

मी मोबाईलवर बँड लावला. आधी केसांच्या तेलाची जाहिरात लागली. घोडीने ती पूर्ण ऐकून घेतली. मग बँड वाजला तेव्हा तिने एक पाऊल टाकलं आणि थांबली. पुढे कोणी नाचत नव्हतं.

"नाच ना मंग!" बाबा माझ्यावर खेकसले.

मी नाचलो. चिखलात, ऑफिसच्या पँटमध्ये, पाटलांसमोर. बाया हसून हसून पाण्यात बसल्या. घोडीने मला पाहिलं आणि नजर फिरवली. तिने जन्मभर नाचणारे पाहिले होते, तिला बरं-वाईट कळत होतं. तिची नजर बाबांवर येऊन थांबली.

माझे बाबा कधी नाचले नव्हते. माझ्या लग्नात सगळ्यांनी ओढलं तेव्हा ते जाऊन आचाऱ्याशेजारी उभे राहिले होते. त्यांनी आता पाटलांकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, खांद्यावरचा दुपट्टा काढला. मग एक पाय उचलला. चिखलातून पाय काढताना उचलतात तसाच, फक्त जरा जास्त वर. मग दुसरा. दुपट्टा डोक्यावर फिरवला. चेहरा मात्र वीजबिल भरायच्या रांगेत असतो तसाच होता. घोडी चालायला लागली. बायांमधल्या एकीने रोवण्याचं गाणं उचललं, बाकीच्यांनी धरलं, मोबाईलचं काम संपलं. धुऱ्यावरून पुढे बाबा नाचत, मागे पऱ्हे घेऊन घोडी, तिच्यामागे मी, आणि माझ्यामागे शेजाऱ्यांची म्हैस.

पाटलांनी छत्री मिटली. "काम तं झालं," ते म्हणाले. "पन ते घोडीनं केलं का तुनं केलं, हे मले समजलं नाही. पोळ्यात दोघंही या."

पोळ्याच्या आदल्या सांजेला बाबांनी नेहमीसारखंच लोणी घेतलं. आवतन मात्र त्यांच्या तोंडून निघेना. इतके दिवस रोज मोठ्याने म्हणत होते, आज नुसते ओठ हलले. घोडीने मान वळवून त्यांच्या खिशापाशी नाक नेलं. मग ते म्हणाले, अगदी हळू.

सकाळी उठून पाहतो तर बाबांनी फाटकात खाट आडवी टाकली होती आणि तिच्यावर काठी घेऊन बसले होते. दूधवाल्याची मोटारसायकलसुद्धा त्यांनी आत येऊ दिली नाही. आई पुरण वाटता वाटता डोळे पुसत होती आणि धुरावर ढकलत होती, शेगडी गॅसची असूनही.

तेवढ्यात तलावाच्या पाळीवरून टेम्पोचा आवाज आला. बाबा ताडकन उठले. त्यांचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही. ते काठी घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि ओरडले, "नाही जात! ती जेवल्याबिगर कुठी नाही जात!"

टेम्पो करकचून थांबला. आतून मामा उतरला, बँडचा लाल कोट घालून, हातात क्लॅरिनेट. मिळेल त्या गाडीने तो पोळा पाहायला आला होता.

"भाटवे, मी होय," मामा घाबरून म्हणाला. "मले तं जेवाले भेटन ना?"

बाबांनी टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत काठी खाली घेतली नाही. मग मामाला म्हणाले, "पैदल ये."

दुपारी आखरावर झूल घातलेल्या जोड्यांच्या ओळीत आमची एकटी घोडी उभी राहिली. शिंगांना बांधायचं बाशिंग तिच्या कपाळावर बांधलं होतं. बाबा तिच्याजवळ धुतलेल्या धोतरात. बैलवाले हसले, पण सरकून त्यांनी जागा दिली. झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची कवनं, म्हणून झाल्या, पाटलांनी तोरण तोडलं, डफडी वाजली आणि मामाने, कोणी सांगितलं नसताना, क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

तोरण तुटलं की बैल पळत घराकडे सुटतात. त्या दिवशी कोणी पळालं नाही, कारण आमची घोडी आपल्या चालीने सर्वांच्या आधी गल्लीत शिरली होती आणि गल्ली अरुंद होती. थोडं चालायची, थांबायची. मागे अख्ख्या गावाचे बैल खोळंबले. "अरे, हाका ना तिले!" मागून पाटील ओरडत होते. बाबांनी वळून पाहिलं. मग दुपट्टा काढला आणि साऱ्या गावापुढे नाचायला लागले. नाचल्याशिवाय पोळा पुढे सरकणार नव्हता. काही वेळाने बैलवालेही नाचू लागले, तेवढ्यासाठी की घरी दिवसाउजेडी पोचावं.

आमच्या दारात आईने घोडीचे खुर धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. सुपात पुरणपोळ्या ठेवल्या. बाबा धापा टाकत समोर उकिडवे बसले. घोडी सावकाश खात होती. मामा काहीतरी बोलायला लागला तर बाबांनी हाताने त्याला गप्प केलं. शेवटचा तुकडा संपला. घोडीने सूप चाटलं, मग उलटं करून पाहिलं.

बाबा उठले. रांजणापाशी जाऊन त्यांनी हात धुतले, पाय धुतले, आणि आत येऊन पाटावर बसले.

"मले वाढ वो," ते आईला म्हणाले. "भूक लागली."